मदत हवी आहे : खाडीतील कृमी आणि पोषकद्रव्यांचे प्रदूषण
नमस्कार. पुण्यात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी हा विषय प्रकल्पासाठी निवडला आहे. अमेरिकेतील प्लम आयलंड खाडीत प्रयोग म्हणून ९ वर्षे जादा पोषकद्रव्ये (खतांत असतात तशी नायट्रोजन, फॉस्फरसची संयुगे) मिसळल्यावर खारदलदलीचे गवत वर फोफावले, परंतु माती धरून ठेवणारी त्याची मुळे घटली आणि ओहोळांचे काठ ढासळले, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून मी फार अस्वस्थ झाले. शिवाय अशा जादा पोषकद्रव्यांमुळे माजलेल्या शैवालाच्या दाट थराखाली प्राणवायू संपला, की बिळे करून चिखलात पाणी खेळवणारे नेरीससारखे कृमी कमी होतात आणि कॅपिटेलासारखे सहनशील कृमी वाढतात. कोकणातील खाड्यांत गवतापेक्षा कांदळवनेच अधिक असल्याने तेथे हे निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावेत, आणि चिखल गाळल्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत उरलेले कृमी ओळखायला पुण्यात कोण शिकवू शकेल, हे कृपया सांगावे.