आरओ फिल्टरमधून शुद्ध पाणी थेंबथेंब, ड्रेनला (सांडपाण्याच्या नळीला) मात्र धो धो. मेंब्रेन (क्षार गाळणारा पडदा) गेलं का?

बोअरचं_पाणी: बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ९४०. मेंब्रेन ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन), दोन वर्षं जुनं. मापाच्या ग्लासने मोजलं तर मिनिटाला शुद्ध पाणी ७० मिली आणि ड्रेनला ६०० मिली. शुद्ध पाण्याचा टीडीएस ५५. मेकॅनिक मेंब्रेन बदला म्हणतोय. आधी काय तपासू?

खारट: हा ५५ टीडीएस-व्हॉल्वच्या आधीचा की नंतरचा? त्या व्हॉल्वमधून कच्चं पाणी मिसळत असेल तर आकडा फसवतो. आधीचा असेल तर ९४ टक्के क्षार अडतायत, म्हणजे मेंब्रेन फाटलेलं नाही.

७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, मिनिटाला २०० मिलीच्या आसपास. तेही साधारण ६० पीएसआय दाब आणि २५ अंशांचं पाणी धरून. पाणी एक अंश गार झालं की सुमारे तीन टक्के कमी मिळतं. शिवाय क्षार पाण्याला आपल्याकडेच ओढून धरतात. दर १०० टीडीएसला ढोबळ १ पीएसआय धरा, म्हणजे तुमच्या पंपाचे नऊ-दहा पीएसआय या ओढीवर मात करण्यातच जातात. म्हणून आधी पंप आणि मेंब्रेनच्या मधे गेज लावून दाब बघा.

नळीवाला: माझा संशय एफआरवर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टरवर. ड्रेनच्या नळीतला तो बारीक तुकडा पाणी अडवतो म्हणूनच मेंब्रेनवर दाब तयार होतो. त्यावर ४५० (मिनिटाला मिली) लिहिलेलं असेल आणि ६०० मिली जात असेल, तर तो गेला. गेज लावल्यावर ड्रेनची नळी दोन-तीन सेकंद दाबून धरा. दाब झटकन चढला तर पंप ठीक, दोष एफआरचा. नाही चढला तर आधीचे सेडिमेंट-कार्बन फिल्टर चोक झालेत का ते बघा, मग अडॅप्टरचे २४ व्होल्ट आणि शेवटी पंप.

बोअरचं_पाणी: टीडीएस-व्हॉल्व पूर्ण बंद आहे. दाब ३५, नळी दाबल्यावर ८०. एफआरवर ४५०. मग ३०० चाच टाकू का, पाणी वाचेल?

नळीवाला: नको, ४५० चाच टाका.

खारट: पाणी वाचवायच्या नादात मेंब्रेन जातं. आत गेलेल्यातलं निम्मं पाणी शुद्ध काढलं तर ड्रेनचा टीडीएस जवळपास दुप्पट, पाऊण काढलं तर चौपट. बोअरचं कॅल्शियम मग मेंब्रेनवरच बसतं. नवा एफआर टाकून दाब ६०-७० आला आणि तरीही पाणी कमीच, तर थर बसलाय असं समजा. लिटरला २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून, एफआर काढून, अर्धा तास फिरवा. मग भरपूर धुऊन पहिली टाकी ओतून द्या. कॅल्शियम कार्बोनेट निघेल, सिलिका निघणार नाही. ब्लीचिंग चुकूनही वापरू नका, क्लोरीन मेंब्रेन खातं.

नळीवाला: आणि मशीन बंद असतानाही ड्रेन वाहत असेल तर एसव्हीत (पाणी बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्वमध्ये) कचरा अडकलाय. तो खोलून धुवा.