फ्रँकेनस्टाइन : खाण तशी माती, की मातीला उगाच बोल?

निशाचर (धागाकर्ता)
फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्या व्हिक्टरचं आहे, असं आपण सगळे एकमेकांना ऐकवत असतो. मीही ऐकवायचो. पण मेरी शेलीची मूळ १८१८ ची कादंबरी परवा दुसऱ्यांदा संपवली आणि आता वाटतंय की चुकणारेच बरोबर आहेत, दोघं एकच. धाकट्या भावाच्या, विल्यमच्या, खुनाच्या खोट्या आरोपात घरची मोलकरीण जस्टिन फाशी जाते तेव्हा व्हिक्टर म्हणतो माझ्या आत नरक आहे, आणि पुढे झोपडीतल्या कुटुंबाने झिडकारल्यावर तो प्राणीही हेच म्हणतो, जवळपास त्याच शब्दांत. व्हिक्टरने त्या प्राण्यासाठी बनवायला घेतलेली बायको फाडून टाकली, प्राण्याने व्हिक्टरची लग्नाच्या रात्री मारली. पण मला सगळ्यात जास्त लागली ती पुस्तकांची गोष्ट. तेराव्या वर्षी व्हिक्टरच्या हाती अग्रिप्पाचं जादूविद्येवरचं जुनाट पुस्तक लागतं, बाप नुसती नजर टाकतो आणि म्हणतो कचरा आहे, का कचरा आहे ते सांगत नाही, आणि व्हिक्टर मोठेपणी म्हणतो की तेव्हा नीट समजावलं असतं तर मी या फंदात पडलोच नसतो. इकडे त्या प्राण्याला जंगलात पुस्तकं सापडतात, त्यात मिल्टनचं पॅरडाइज लॉस्ट, देवाविरुद्ध बंड करून पतन पावलेल्या देवदूताचं म्हणजे सैतानाचं महाकाव्य, आणि तो ते खरा इतिहास म्हणून वाचतो कारण सांगायला कोणी नाहीच. खाण तशी माती!

आजीची_गोधडी
अजिबात नाही पटलं. व्हिक्टरचा बाप एकदा कचरा म्हणाला आणि त्या प्राण्याचा बाप, म्हणजे व्हिक्टरच, पहिल्याच रात्री घर सोडून पळाला, हे एका तराजूत कसं काय घालता?? व्हिक्टरला लाड करणारे आईबाप होते, क्लेर्व्हलसारखा जिवाला जीव देणारा मित्र होता, होणारी बायको एलिझाबेथ होती. त्या बिचाऱ्याला साधं नावसुद्धा नाही. आणि जस्टिनचं काय, खून कोणी केला ते व्हिक्टर मनातून ओळखून होता तरी गप्प बसला, कारण लोक वेडा म्हणतील. तिला फाशी, आणि नरक म्हणे याच्या पोटात! "दोघं सारखेच" म्हटलं की व्हिक्टर आपोआप सुटतो हो.

मधली_सुट्टी
आपल्याकडे याला भस्मासुर म्हणतात, विषय संपला 😄

आजीची_गोधडी
@मधली_सुट्टी नाही संपला. शंकराने भस्मासुराला टाकून दिलं नव्हतं, उलट वर दिला होता. आणि भस्मासुर काही शंकरापुढे बसून "मला का टाकलंस" असं विचारत नाही.

निशाचर
@आजीची_गोधडी सुटतो कुठे, उलट जास्त अडकतो. सारखे आहेत म्हणूनच त्याला ते तोंड बघवत नाही ना. आणि तो स्वतःच एका ठिकाणी त्याला माझाच व्हॅम्पायर, कबरीतून सुटलेला माझाच आत्मा म्हणतो, ही माझी कल्पना नाही.

फुकटचा_वकील
दोघांनाही एक विचारतो. हे सारखे शब्द आपल्यापर्यंत आले कुठून? प्राणी बोलला व्हिक्टरपाशी, व्हिक्टरने मरायला टेकलेला असताना सांगितलं त्याला बर्फातून उचलून घेणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला, वॉल्टनला, वॉल्टनने लिहिलं बहिणीला. आणि वॉल्टन स्वतः कबूल करतो की व्हिक्टरने त्याच्या नोंदी मागून घेतल्या आणि जागोजागी दुरुस्त केल्या, भर घातली, मुख्यतः शत्रूशी झालेल्या संवादांमध्ये! म्हणजे आरोपीनेच फिर्यादीचा जबाब लिहून काढला, आणि आपण म्हणतोय बघा दोघांची भाषा किती जुळते.

आजीची_गोधडी
हे भारीये. मी दोनदा वाचली आणि हे वाक्य सरळ निसटलं.

निशाचर
मलाही लक्षात नव्हतं, मानलं. पण शेवट? व्हिक्टर मेल्यावर तो प्राणी जहाजात येतो आणि थेट वॉल्टनशी बोलतो, तिथे दुरुस्त करायला व्हिक्टर जिवंत नाही. तरी पुन्हा तोच पतन पावलेला देवदूत, तीच भाषा.

फुकटचा_वकील
वॉल्टन व्हिक्टरवर किती भाळलाय ते बघा आधी. शिवाय तो प्राणी मिल्टन वाचलेला आहे, देवदूत तिथूनच आलाय. पण बरं, अर्धा मुद्दा दिला तुम्हाला.

आजीची_गोधडी
मी अर्धाही देत नाहीये. शेवटी ते सारखे *दिसतात* हे खरं, पण तसं त्या प्राण्याने मुद्दाम केलं. विल्यम, क्लेर्व्हल, एलिझाबेथ, एकेक करून व्हिक्टरला आपल्याइतकं एकटं पाडलं, की घे, बघ कसं वाटतं. आणि तरी व्हिक्टरला समजलं का? "तुझ्या लग्नाच्या रात्री येईन" अशी धमकी मिळाली तर हा शहाणा समजला की मलाच मारायला येणार, पिस्तूल घेऊन स्वतःची राखण करत फिरतोय आणि बायको खोलीत एकटी. ज्याची बायको आपण फाडली तो कोणाला मारेल एवढंही सुचू नये? तो प्राणी व्हिक्टरला आतबाहेर ओळखतो, व्हिक्टर त्याला शेवटपर्यंत नाही.

निशाचर
मग ससा? उत्तरेकडच्या बर्फात पाठलाग चालू असताना तो प्राणी दगडांवर, झाडांवर खुणा ठेवतो आणि एका ठिकाणी लिहून ठेवतो की पुढे मेलेला ससा आहे, खा आणि ताजातवाना हो. ज्याने कधी याला घास भरवला नाही त्याला हा जेवू घालतोय.

फुकटचा_वकील
पाठलाग चालू राहावा म्हणून, साहेब. दमून मेला तर मजा संपली.

आजीची_गोधडी
असेल. पण पूर्ण पुस्तकात त्या दोघांमध्ये कोणी कोणाला खायला दिलंय ते तेवढं एकदाच.