अन्ननलिका आणि निळा-हिरवा प्रकाश

बरेच जण विचारतात, ‘अन्ननलिका तपासताना दुर्बिणीतून (एंडोस्कोपीत) सगळं दिसतंच, मग वेगळा प्रकाश कशाला?’ कारण कर्करोगाआधीचे बदल बऱ्याचदा सपाट असतात आणि पांढऱ्या प्रकाशात सहज निसटतात.

गेल्या वर्षी कोथरूडला बाबांची एंडोस्कोपी केली. अ‍ॅसिडिटी फार जुनी. डॉक्टरांनी फोटो दाखवले: अन्ननलिकेच्या फिकट अस्तरात जठराकडून वर सरकलेला, जिभेच्या आकाराचा लालसर पट्टा. हे बॅरेट, म्हणजे जुन्या अ‍ॅसिडिटीमुळे बदललेलं अस्तर, ज्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. पुढचा फोटो निळसर-हिरवा, त्यात बारीक रक्तवाहिन्या तपकिरी जाळीसारख्या उठून आलेल्या. यालाच एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) म्हणतात, म्हणजे फक्त निवडक निळ्या आणि हिरव्या प्रकाशात पाहणं. 415 आणि 540 नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून वाहिन्या गडद दिसतात. जाळी वेडीवाकडी झालेली असेल, तिथला तुकडा तपासणीसाठी आधी घ्यायचा. बाबांची जाळी सरळ होती, तरी दर 2 सेंटीमीटरवर चारही बाजूंचे तुकडे घेतलेच. मला ते बरं वाटलं. रोगाचं पक्कं निदान शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आपल्याकडे अन्ननलिकेचा कर्करोग जास्त करून बॅरेटमधून येत नाही, तो स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे अन्ननलिकेच्या मूळ अस्तरातल्या चपट्या पेशींचा असतो. त्यामागे तंबाखू आणि दारू असते. असा कर्करोग शोधायला अन्ननलिकेत लुगोल आयोडीन (आयोडीनचं द्रावण) फवारतात: निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या तपकिरी होतात, बिघडलेला भाग फिका राहतो. घरात कुणी वर्षानुवर्षं मिश्री लावत असेल आणि भाकरीचा घास अडकतो म्हणत असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. आधी दुर्बीण करून घ्या, आणि ती सवयही डॉक्टरांना सांगा.