म्युझिकली विकत घेतलं म्हणून टिकटॉक मोठं झालं?

अनेकदा म्हटलं जातं की बाइटडान्स या चिनी कंपनीने म्युझिकली हे व्हिडिओ अ‍ॅप विकत घेतलं आणि तिच्या टिकटॉकला आयता प्रेक्षक मिळाला. हे खरं आहे, पण अर्धंच. शांघायच्या म्युझिकलीकडे अमेरिकेतली किशोरवयीन मुलं होती, ओठ हलवून गाण्याचे १५ सेकंदांचे व्हिडिओ होते. मुळात म्युझिकलीचे संस्थापक छोट्या व्हिडिओंतून शिकवणारं अ‍ॅप काढायला निघाले होते, ते चाललं नाही आणि २०१४ मध्ये म्युझिकली आलं. २०१५ मध्ये त्यांनी व्हिडिओवरच्या आपल्या लोगोची जागा बदलली, म्हणजे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला तरी लोगो कापला जाणार नाही. एवढ्याशा बदलानंतर डाउनलोड झपाट्याने वाढले! मला हा भाग फार आवडतो.

पण खरी ताकद बीजिंगमध्ये होती. झांग यिमिंग यांच्या बाइटडान्सने २०१२ पासून तौत्याओ या बातम्यांच्या अ‍ॅपवर एकच गोष्ट घोटली होती: वाचक कुठे थांबतो, काय सोडून देतो ते पाहून पुढचा मजकूर निवडायचा. तेच तंत्र २०१६ मध्ये बाइटडान्सच्या चीनमधल्या डौयिन या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपला मिळालं, पुढच्या वर्षी परदेशासाठीच्या टिकटॉकला. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली त्यात विलीन झालं.

फेसबुकवर तुमची ओळखपाळख लागायची. टिकटॉकवर एकही फॉलोअर नसलेल्याचा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवला जातो; त्यांनी शेवटपर्यंत पाहिला तर आणखी लोकांना. पूर्ण स्क्रीनवर एका वेळी एकच व्हिडिओ असल्याने आवड-नावड लगेच कळते. नुसते म्युझिकलीचे वापरकर्ते घेऊन हे जमलं नसतं. सप्टेंबर २०२१ मध्ये टिकटॉकने महिन्याला १०० कोटी वापरकर्ते जाहीर केले, तेही भारतातली बाजारपेठ जून २०२० च्या बंदीत गेल्यानंतर.