डुलुथला डिसेंबर ते मार्च: बर्फात पक्षी बघायचे तर काय तयारी करू?

मलप्रभाकाठ (खानापूर), नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. 5 डिसेंबरला लेकीकडं चाललेय, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथला. तिचं बाळंतपण आहे, मार्चअखेर परत.

माझं माहेर अथणीकडचं. लहानपणी शाळू हुरड्यावर आला की वडील आम्हा भावंडांना गोफणी देऊन माळ्यावर बसवायचे, भोरड्या हाकलायला. थवा उन्हात वळला की सगळा गुलाबी दिसायचा आणि माझा हात थांबायचा. पक्षी बघायचं वेड तिथलं. या भोरड्या मध्य आशियातून येतात हे फार पुढं, शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. धुपदाळच्या तलावावर येणारे करकोचेही असेच लांबचे. म्हणजे आजवर मी बघितले ते थंडी टाळून आलेले पक्षी. तिकडंच राहून हिवाळा काढणारे कोण असतात, ते यंदा बघायचंय.

उणे वीसमध्ये पक्षी दिसतात का? माझी 8 बाय 42 ची दुर्बीण तिथं चालेल का? गुडघा दुखतो, त्यामुळं बर्फात फार चालणं होणार नाही. बाळ-बाळंतिणीचं करून उरेल तेवढाच वेळ माझा.

निपाणीचा (सध्या मिनियापोलिस)

बाई, नमस्कार. नऊ वर्षं झाली मला इकडं, डुलुथ अडीच तासांवर. तुम्ही बरोब्बर जागी चाललाय.

आधी गुडघ्याचं. इथल्या हिवाळ्यात पक्ष्यांमागं हिंडायचं नसतं, त्यांना खिडकीशी बोलवायचं. लेकीला आत्ताच सांगा, काळ्या सालीच्या सूर्यफूल बियांचं पोतं आणि एक फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवायचं भांडं, आणून ठेव म्हणून. दुकानात 'सूट'च्या वड्याही मिळतात. सूट म्हणजे गुरांची चरबी. घरात चालत नसेल तर बिनमिठाचे शेंगदाणे घाला, सुतारपक्षी आणि ब्लू जे त्यावर येतातच. फीडर काचेला अगदी लागून ठेवा, नाहीतर बराच लांब. मधल्या अंतरावर असला की पक्षी वेगात काचेवर आपटून मरतात.

सगळ्यात आधी येईल ती चिकडी, आपल्या वल्गुलीच्या नात्यातली चिमुकली पाखरं ती. वजन दहा-बारा ग्रॅम. शरद ऋतूत ती एकेक बी वेगवेगळ्या फटीत लपवते आणि जागा लक्षात ठेवते. कडक थंडीच्या रात्री अंगाचं तापमान 10 ते 12 अंशांनी खाली आणते, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. भीमगडच्या जंगलात शिलींध्री झाडावरून डोकं खाली करून उतरते ना, तिची इथली बहीणही दिसेल.

दुर्बीण चालेल. फक्त बाहेरून आत येताना ती बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घरात तासभर तशीच ठेवा. ओल मग पिशवीवर धरते, काचेवर नाही. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि आतून बुरशी धरली, चांगली दुर्बीण गेली. मोबाईल आतल्या खिशात, बॅटरी थंडीत बघता बघता उतरते. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात ते घ्या. बूट एक नंबर मोठे, आत लोकरी मोजे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय गारठतात. बुटांना खालून अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते घेतल्याशिवाय अंगणातसुद्धा उतरू नका.

जावईबापूंना एक दिवस सुट्टी काढायला लावा आणि सॅक्स-झिम बॉग या दलदलीच्या रानात जा, डुलुथहून तासाभरावर. गाडीतच बसून बघायचं. मोठं राखी घुबड तिथं दिसतं. काही लोक फोटोसाठी त्याच्यापुढं उंदीर टाकतात. त्यांच्यात थांबू नका. घुबड रस्त्यावर यायला शिकतं आणि गाडीखाली सापडतं.

टिळकवाडी सायकल

एक विचारू? बर्फावर उघड्या पायांनी बसतात, मग पाय गोठत कसे नाहीत?

निपाणीचा

पायात उतरणारी गरम रक्ताची नळी आणि वर जाणारी गार रक्ताची नळी अगदी लगटून असतात. उतरतानाच ऊब वर जाणाऱ्या रक्ताला मिळते, त्यामुळं पंजे गोठण्याच्या जरा वरच राहतात आणि अंगातली ऊब अंगातच राहते. शिवाय पंजात मांस फारसं नाही, कंडरा आणि हाडंच.

मलप्रभाकाठ (डुलुथहून), जानेवारी

नात झाली. दोघी सुखरूप.

इथं पावणेआठनंतर उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास सूर्य जातो. त्यामुळं पक्ष्यांना खायला वेळच थोडा. परवा रात्री उणे 29 होतं. बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तोवर चिकडी हजर. पिसं फुलवून लिंबाएवढा गोळा झालेली. शेपटीची पिसं एका बाजूला वाकलेली, रात्रभर कुठल्यातरी अरुंद ढोलीत बसल्यावर व्हावीत तशी. एकच बी उचलली, फांदीवर गेली, दोन्ही पायांत धरून चोचीनं ठक ठक फोडली. माझ्यापासून हातभर अंतर. डोळ्यांत पाणी आलं.

काल सॅक्स-झिमलाही जाऊन आलो. दोन तासांत गाडी फक्त तीनदा थांबवली, पण तिसऱ्यांदा खांबावर राखी घुबड होतं. बर्फाकडं तोंड करून ऐकत बसलेलं. मग एकदम खाली झेपावलं, तोंडानं आणि पायांनी बर्फात घुसलं. उंदीर वर दिसतच नव्हता, आतल्या चाहुलीवर नेम. उडून गेल्यावर बर्फात खड्डा आणि दोन्ही बाजूंना पंखांचे ठसे राहिले, बोटं मोजावीत तशी पिसं मोजता येत होती.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी आहे, तीच जी आपल्याकडंही होते. मी याच खिडकीतून मोजणार. टिळकवाडीकर, तुम्ही त्या दिवसांत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जाऊन मोजा की. आणि अथणीकडं कुणी जाणार असेल तर शाळूत भोरड्या उतरल्या का ते इथं लिहा.