मदत हवी: लस घेतलेल्यांनाच जास्त गोवर? (उद्या बैठक आहे)

अंगणवाडी_ताई: उद्या 11 वाजता पालकांची बैठक आहे, जरा लवकर सांगा. वस्तीवर 9 मुलांना गोवर निघाला, त्यातल्या 6 जणांची लस झालेली. उपसरपंचांनी ग्रुपवर टाकलंय, ‘सहा विरुद्ध तीन, मग टोचून उपयोग काय?’ काय उत्तर देऊ?

कृष्णाकाठ: वस्ती कुठली? एकूण मुलं किती? एक डोस की दोन?

विटेकर_अण्णा: उशाला कडुलिंबाचा पाला ठेवा आणि घरात फोडणी बंद. आपोआप उतरतो.

मिरजकर_डॉ: अण्णा, त्यांनी उपाय विचारलेलाच नाही. ताई, पुरळ कानामागून सुरू होऊन खाली उतरलं का? पाण्याचे फोड असतील तर त्या कांजिण्या. नमुने तपासलेत?

अंगणवाडी_ताई: गोवरच आहे हो, रिपोर्ट आले. वाळवा तालुका. 120 मुलं, 8 बिनलसीची. पण प्रश्न तो नाहीये.

कृष्णाकाठ: प्रश्न तोच आहे! 112 पैकी 6, म्हणजे शंभरात पाच. 8 पैकी 3, म्हणजे शंभरात सदतीस. लसवाली मुलंच इतकी जास्त, की नुसती डोकी मोजली तर तीच पुढे दिसणार. समजा सगळ्यांची लस झाली आणि दोघांनाच गोवर आला, तर उपसरपंच म्हणतील शंभर टक्के रुग्ण लसवाले!

माणदेशी: साथी स्वच्छतेने गेल्या, लसीने नाही. पोलिओच बघा.

कृष्णाकाठ: देशात मूळ पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011, हावडा. तेव्हा घरोघरी संडास होते का हो तुमच्याकडे?

माणदेशी: आमच्याकडे होता.

विटेकर_अण्णा: अवांतर: बूथवर करंगळीला शाई लावायचे. आमचा धाकटा ती पुसून परत रांगेत, थेंब गोड लागायचे म्हणून.

मिरजकर_डॉ: ताई, त्या सहांचे डोस बघा. नवव्या महिन्याच्या डोसाने शंभरातली साधारण 85 मुलं वाचतात. उरलेल्यांसाठीच 16 ते 24 महिन्यांत दुसरा असतो. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. शिवाय गोवराचा एक रुग्ण बिनलसीच्या घोळक्यात 12 ते 18 जणांना देतो, म्हणून 95 टक्के मुलांची लस झालेली लागते. आणि ती आठ मुलं एकाच ठिकाणी राहतात का? मग गावाची टक्केवारी कितीही चांगली असू दे, साथ तिथेच पेटते.

अंगणवाडी_ताई: रजिस्टर काढलं. सहातल्या पाचांचा दुसरा डोस राहिलाय. आठही ऊसतोड टोळीतली, ओढ्याकडच्या खोपीतली. फळ्यावर 6/112 आणि 3/8 एवढंच लिहिते.

मिरजकर_डॉ: फळा नंतर. आधी सिस्टरना घेऊन खोपीवर जा. टोळी फड बदलायच्या आत.

अंगणवाडी_ताई: जाऊन आले. काल रात्रीच ट्रॅक्टर भरून गेली. मुकादमाचा फोन बंद आहे. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात पुढचा फड कळेल का कुणाला?