काल रात्रीची १०८

ए-१०१: काल साडेदहाला १०८ कोणासाठी आलेली? वॉचमन बी विंग एवढंच म्हणतो

बी-२०३: आमच्या धाकटीसाठी काकी. आता बरी आहे, गोमेकॉ हॉस्पिटलातच आहोत. आरतीत घुमट वाजवत होती, एकदम खाली बसली, बाबा छाती धडधडते म्हणाली, मी नाडी धरली तर मोजताच येईना, ॲम्ब्युलन्सवाल्याने बघितली तर २१०!!

सी-४०४: अरे देवा, १९ वर्षांच्या पोरीला ॲटॅक??

बी-२०३: ॲटॅक नाही हो, घोळ वायरिंगचा आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली करंट जायला एकच वाट असते आणि तिथे एव्ही नोड म्हणून चौकी, करंट जरा थांबूनच पुढे सोडतात. हिच्यात जन्मापासून चौकी चुकवणारी आणखी एक चोरवाट राहिलीय, मग करंट चौकीतून खाली, चोरवाटेने परत वर, असा गोल फिरत बसतो. वूल्फ-पार्किन्सन-व्हाइट नाव, १९३० साली ह्या तिघांनी लिहून ठेवलंय

ए-३०२: पण तिला मागेही व्हायचं ना असं

बी-२०३: तेच तर!! एकाने गॅस सांगितला, एकाने परीक्षेचं टेन्शन. डॉक्टरकडे पोचेपर्यंत थांबलेलं असायचं म्हणून ईसीजी कोणी काढलाच नाही. आज शांत असताना काढलेल्यातसुद्धा उंच रेषेच्या पायथ्याशी तिरका चढ दिसतोय, डेल्टा वेव्ह. सगळ्यांच्यात दिसत नाही म्हणे, पण हिच्यात दिसतोय, एक पट्टी काढली असती तर दोन वर्षं पोरीला नाटकी म्हणालो नसतो, मी पण म्हणालोय

डी-१०४: थांबवलं कसं? ॲडेनोसिनचं इंजेक्शन?

बी-२०३: हो सिस्टर. आधी १५ सेकंद सिरिंजमध्ये फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर, दोनदा, काही नाही. मग ६ एमजी शिरेतून. मॉनिटरवरची रेष क्षणभर सपाट झाली, तिच्याआधी मीच गेलो असतो. मग ८८

ए-१०१: आमच्या ह्यांच्या धडधडीच्या गोळ्या उरल्यात, पाठवू का

डी-१०४: काकी नको!! ह्या आजारात वरचे कप्पे थरथरायला लागले आणि व्हेरापामिल, डिगॉक्सिन पोटात गेलं तर सगळा करंट चोरवाटेने खाली धावतो, जिवावर बेततं. ॲब्लेशन सांगितलं असेल ना?

बी-२०३: हो, जांघेतून वायर नेऊन ती वाट जाळून टाकतात. बायको घाबरलीय

डी-१०४: वहिनींना माझ्याशी बोलायला सांगा. बहुतेकांचं एकदा केलं की कायमचं जातं

बी-२०३: सांगतो. घुमट मंडपातच राहिलंय, पावसात चामडं सर्दावेल, कोणीतरी उचला, ती सकाळपासून तेच विचारतेय

सी-४०४: रात्रीच उचललं, आमच्याकडे फ्रिजवर आहे